मधल्या बाईचं नाव

आधी पंचशीलाताईंचं नाव. साकोलीला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ आहे. बाहेर पाटी नाही, वांग्याच्या भाजीचा वास हीच पाटी. दिवाळीनंतरच्या मंडईच्या ऐन धंद्याच्या दिवसांत त्यांनी ती खानावळ जावेवर सोडली आणि माझ्यासारख्या अनोळखी माणसाला स्कूटीवर मागे बसवून भंडारा जिल्हा हिंडवला. त्या नसत्या तर मी दुसऱ्याच दिवशी रडत परतीची गाडी धरली असती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे आणि त्या कुरकुरीत त्या कुठेही येत नाहीत. म्हणजे, फार येत नाहीत.

मी कुडाळचा. आठवीत शाळा सोडली आणि फोटो स्टुडिओत लागलो. वाळवी लागलेले, ओलीने फुगलेले जुने फोटो नीट करणं हे माझं काम. पुण्यात एक सर आहेत, ते बाईच्या वेषातल्या पुरुष नटांचे जुने फोटो जमवतात. नाटक मंडळ्यांतले, तमाशातले, आमच्या दशावतारातले. त्यांचे फोटो साफ करायला माझ्याकडे येतात. त्या गठ्ठ्यात हा एक फोटो आला. खडी गंमत, म्हणजे विदर्भातला तमाशा, करणाऱ्यांचा फड. ढोलकीवाला, चोनकं वाजवणारा, फेटेवाले शाहीर, सगळे ओळीत उभे, आणि मध्ये एक बाई. नऊवारी लुगडं, नथ, हनुवटी जरा वर. कुणीतरी काहीतरी विचारलंय आणि ती सांगणार नाही, असा चेहरा. ती अर्थातच बाई नव्हती. गंमतीत बाईचं काम करणाऱ्या पुरुषाला इकडे नाच्या म्हणतात.

सर त्या फोटोंचं प्रदर्शन मांडणार होते. बाकीच्या फोटोंतल्या सगळ्या नटांची नावं होती, याचंच नव्हतं. फोटोच्या मागे भंडाऱ्याच्या एका स्टुडिओचा पुसट शिक्का आणि एका गृहस्थाने सांगितलेलं ‘साकोलीकडचा फड असावा’, एवढंच. सर म्हणाले, “नाव आणि घरच्यांची परवानगी, दोन्ही हवं. बिननावाचं कुणाला भिंतीवर टांगणार नाही. नाही मिळालं तर हा फोटो बाहेर ठेवू.” त्यांना स्वतःला जमत नव्हतं, म्हणून मला पाठवलं. चहा आणण्याव्यतिरिक्त कुणी मला कामाला कुठे पाठवण्याची ती पहिली वेळ.

साकोली

मला वाटलं होतं, सोपं आहे. आमच्याकडे दशावतारात स्त्रीपार्ट करणाऱ्याचं नाव अख्ख्या तालुक्याला पाठ असतं. त्याच्या निऱ्या बघायला बायका पुढे येऊन बसतात. इथेही फोटो दाखवायचा, नाव विचारायचं, परवानगीवर सही घ्यायची, की संध्याकाळच्या गाडीने मागे.

खानावळीत जेवताना फोटो बाहेर काढला. पंचशीलाताईंनी हात पुसून तो हातात घेतला.

“कोन होय जी हे? तुमची आजी?”

“नाही, हा पुरुष आहे.”

त्यांनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब धरला, मग माझ्याकडे पाहिलं. “मायबाई! आन् ह्याच्यासाठी तुमी कोकनातून आले? काहून, तिकडं बायका कमी पडल्या का?”

सगळं टेबल हसलं. मी भातात मान घातली. भातावर वाढलेला माणूस मी, पण इथे भाताचा डोंगर आणि वर लाखोळीच्या डाळीची नदी. शेजारी तलावातली मासोळी. मी काटे काढत बसलो तर ताई म्हणाल्या, “समुद्राचे खाऊन खाऊन तोंड खारं झालं तुमचं. गोड पान्याची बी खाऊन पाहा.” चांगली होती. कबूल करायचं राहून गेलं.

मी पुढे काय करणार, हे त्यांनी विचारलं. बसने गावोगाव फिरणार म्हटलं. त्या म्हणाल्या, “मंडईच्या दिवसात यष्टीच्या भरोशावर राह्यले तं होळीले पोचाल.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्कूटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. का, ते मी विचारलं नाही. भीती वाटली, विचारलं तर त्यांनाही प्रश्न पडायचा.

चुलबंदच्या अलीकडे आणि पलीकडे

मंडई म्हणजे इकडे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की एकेका गावाची एकेका दिवशी जत्रा, तीच मंडई. लेकीबाळी माहेरी, घरोघर पाहुणे, दंडारीचे नाच, गंमत, नाटक. शेतात धानाची पुंजणी रचलेली आणि माणसं मोकळी. मोकळी म्हणजे गप्पांना मोकळी, उत्तरांना नाही.

पहिल्या गावात एका बापूंनी फोटोवर बोट ठेवलं. “हा ढोलकीवाला पाहा, आमचा बुढा.”

माझा जीव भांड्यात पडला. “आणि हा मधला?”

“तो ना जी? तो आमच्या गावचा नोहोय. तो चुलबंदपलीकडचा.”

चुलबंद ही तिथली नदी. आम्ही पूल ओलांडला. पलीकडच्या गावात चहा, चिवडा, उकडलेले शिंगाडे. शिंगाडे सोलता सोलता बोटं काळी झाली. तिथल्या आजोबांनी फेटेवाला शाहीर आपला चुलता म्हणून ओळखला. पाटीलकीच्या थाटात सांगितलं, त्याच्यासारखा आवाज जिल्ह्यात नव्हता.

“आणि मधला?”

“तो साकोलीकडचा होता. आमच्यात नाई असं.”

तिसऱ्या गावात तो लाखनीचा निघाला. चौथ्या गावात तर एकाने त्याला वारसच ठेवला नाही. “ते वारले जी. त्याहीले कोनी नोहोतं.” मी विचारलं, नाव काय होतं? “नाव कोनाले मालूम?” तोच माणूस पाच मिनिटांपूर्वी त्या फोटोतल्या चोनकंवाल्याच्या बैलजोडीची नावं सांगत होता.

ओळीतला एकेक माणूस ओळखीचा निघाला. ढोलकीवाल्याला तर दोन गावांनी आपला म्हटलं. मधल्या बाईला मात्र कुणी घरात घेईना. ज्या गावी जाऊ त्या गावी नाच्या पलीकडच्या गावचा. आणि प्रत्येक घरी हे ऐकण्याआधी जेवायचं. कोचईच्या पानांच्या वड्या, आमच्या अळूवडीसारख्याच, पण तिखटाने कान तापवणाऱ्या. नको म्हणावं तर घरची म्हातारी दुखावणार, खावं तर पुढच्या घरी पुन्हा ताट. मला माणसांना नाही म्हणता येत नाही. त्या आठवड्यात मी भंडारा जिल्ह्याचा बराचसा तांदूळ एकट्याने संपवला असेन.

एका घरी यजमान मला कोपऱ्यात घेऊन गेले. आवाज बारीक करून म्हणाले, “भाऊ, समजून घ्या. आमच्या पोरीचं लगन जमून राह्यलं. नाच्याच्या घरची म्हणून नाव निंगलं तं सोयरे काय म्हन्तीन?”

“म्हणजे तो तुमच्या घरचा आहे?”

“नाई नाई! आमचा नाई. पलीकडचा होय.”

बाहेर येऊन मी ताईंना म्हटलं, “आमच्याकडे असं नाही हो. आमच्याकडे अभिमानाने सांगतात.”

“मंग जा ना तुमच्याकडं,” ताईंनी किक मारली. “नाई तं बसा चूप.”

मी मागे बसलो. पुढच्या वळणावर बांधावरून स्कूटी घसरली. आम्ही दोघं भाताच्या चिखलात, फोटो उतरवून घ्यायला आणलेल्या स्कॅनरची पिशवी माझ्या छातीवर. ताईंनी आधी पिशवी उचलून पुसली, मग मला उठवलं. “मशीन वाचली,” म्हणाल्या, “तुमी वाळान.”

सगळ्यांत कहर पुढच्या गावात झाला. तिथल्या मंडईच्या मंडळाला वाटलं, मी पुण्याच्या कुठल्या तरी कार्यक्रमासाठी नाच्या ठरवायला आलोय. “बसा, आनतो,” म्हणाले. मी बसलो. थोड्या वेळाने त्यांनी एक तगडा माणूस आणला, अर्धवट पावडर लावलेला, ओठ रंगवलेले, खाली फुलपँट. पंपाची वायरिंग करतो आणि दंडारीत बाई होतो. “घ्या,” म्हणाले, “अख्ख्या भागात असा नाच नाई. कवा पायजे?”

मी हात जोडून समजावलं, मला कार्यक्रम करायचा नाही, फोटोतला माणूस शोधायचाय.

“कवाचा फोटो होय?”

“जुना आहे. ते आता नसणार.”

त्या वायरमनने माझ्याकडे कमरेवर हात ठेवून, तोंडाचा चंबू करून पाहिलं. “म्हंजे मेलेला पायजे ह्याले! जिता उभा आहे समोर, तो चालत नाई!”

सगळा मांडव हसला. तो मात्र हसला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. मी त्याचा फोटो काढला, नाव विचारलं, त्याने खणखणीत सांगितलं. वर म्हणाला, “आता ल्याहून ठेवा. नाई तं मी मेलो का मी बी पलीकडच्या गावचा होऊन जाईन.”

रात्री आईचा फोन. “जेवलस काय रे?” मी म्हटलं, आई, मी फक्त जेवतोय. दुसरं काही होत नाहीये.

भंडारा

शेवटचा धागा म्हणजे फोटोमागचा शिक्का. ताई म्हणाल्या, इतके दिवस हे का सांगितलं नाही? सांगितलं होतं, पण त्या वेळी त्या कुणाशी तरी भांडत होत्या.

भंडाऱ्याच्या बाजारात पितळेच्या गुंड्या, घागरी चमकतात त्या ओळीच्या पुढे स्टुडिओची जागा सापडली. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मालक स्टुडिओवाल्यांचा मुलगा, पन्नाशीचा. फोटो पाहताच ओरडला, “अरे, हे तं आमच्या शोकेसमधली बाई!”

मी काउंटर धरला.

“बाबांनी हिचा तुकडा कापून मोठा केला, हातानं रंग भरला. इतका झकास आला का एक कॉपी शोकेसमध्ये लावली. किती लोकांनी स्थळ विचारलं! कोनाची पोरगी म्हणून.”

“हा पुरुष आहे,” मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला आणि मग तो रागावला. “काय बोलता? माझ्या बाबांनी हातानं रंगवली बाई! एक माणूस आला होता लाखांदूरकडून, मालमत्ता असल्यासारखा धरून बसला होता हा फोटो. बायको वारली म्हणे, तिचा मोठा फोटो पायजे. वासाचा चिन्नोर तांदूळ आणला होता बाबासाठी, म्हणून घरात त्याच्या गावाचं नाव लक्षात राहिलं. आपल्या बायकोले वळखत नसन का तो?”

गावाचं नाव त्याने सांगितलं. इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल. पण मी खचलो होतो. फोटोतला पुरुष मी शोधत होतो, आणि कुणीतरी त्याला बायको म्हणून घरी घेऊन गेला होता. सरांना फोन केला. ते म्हणाले, “बघा, नक्की बाईच असेल तर आपली चूक झाली, फोटो काढूनच टाकू.” मी फोटो पुन्हा पाहिला. मनगट पाहिलं, गळा पाहिला. लहानपणापासून दशावतार बघतोय, तेवढं कळतं. पण माझ्या कळण्यावर माझाच विश्वास कमी.

“चला,” ताई म्हणाल्या. “इतकी धूळ खाल्ली, अजून थोडी खाऊ.”

लाखांदूरकडे

त्या गावातही मंडई होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. आम्हाला आधी भात वाढला, मग कोण म्हणून विचारलं. घरची सून मंदावहिनी, कामाच्या धबडग्यात पदर खोचलेली. जेवता जेवता माझी नजर आतल्या भिंतीवर गेली आणि घास तोंडातच राहिला.

देवाच्या फळीच्या वर ती होती. तीच हनुवटी. गालांवर हाताने भरलेला गुलाबी रंग, हिरवं लुगडं, गळ्यात ताज्या शेवंतीचा हार, काचेवर कपाळाच्या जागी हळदकुंकू.

“त्या कोण?” मी विचारलं.

“आमची आजेसासू,” वहिनी म्हणाल्या. “मी काई पाह्यली नाई तिले. पन लय देखनी होती, नाई? मी रोज तिलेच कुंकू लावतो पयले.”

ताईंनी खालून माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पाणी आलं डोळ्यांत. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

जेवण झाल्यावर अंगणात गेलो. खाटेवर गोविंदाजी बसले होते. फोटोतल्या बाईचा, म्हणजे वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे तिचा, मुलगा, पंच्याहत्तरीच्या पुढचा. मी ओळीचा फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांनी एकदा पाहिलं आणि आजूबाजूच्या सगळ्यांना म्हणाले, “जा रे, चा मांडा.” एकही जण उरला नाही तेव्हा बोलले.

“हा कुठी भेटला तुमाले?”

मी सांगितलं. पुणे, प्रदर्शन, नाव, परवानगी. घाबरत घाबरत आतल्या भिंतीकडे बोट केलं.

“मायचा फोटो कुठी होता?” ते म्हणाले. “कोनी काढला तिचा फोटो? फोटोवाला आला का माय आत जाऊन बसे. पन बुढ्याले, माह्या बापाले, लुगडं मायच नेसवे. तिचंच लुगडं. तिची नथ, तिची गळ्यातली एकदाणी. बुढा म्हणे, मी बाई करतो म्हंजे तुलेच करतो, दुसरी कोनती बाई मले मालूम आहे? माय त्याले चालून दाखवे. पदर कसा घ्याचा, मान कशी वळवाची. तिकडं गंमतीत लोकं टाळ्या वाजवत, आन् माय घरी भांडे घासत हासे. माह्यावर टाळ्या वाजून राह्यल्या म्हणे.”

ते थांबले. मग आतल्या भिंतीकडे पाहत पुढे सांगू लागले.

“माय गेली. तेरवीले ठेवाले फोटो नाई. बुढा भंडाऱ्याले गेला, हे मधली कापून आनली, ठेवली. म्हणे, हेच होय ते. कोनी काई बोललं नाई. मंग ज्याहीले मालूम होतं ते मरून गेले. सुना आल्या, त्याहीले आजीच सांगतली.” त्यांनी फोटो उलटा करून गुडघ्यावर ठेवला. “आता तुमी म्हनता नाव द्या. नाव देल्लं तं आजी जाते. नाई देल्लं तं बुढा बिननावाचा राह्यते.”

मी म्हणालो, नका देऊ आजोबा. खरंच म्हणालो. एवढ्या फिरतीनंतर, सरांची आणि नोकरीची एवढी भीती पोटात असताना ते तोंडातून कसं निघालं ठाऊक नाही. राहू दे फोटो बाहेर, मी सांगेन सापडले नाहीत म्हणून.

पंचशीलाताईंनी मला हातानेच गप्प केलं. “बाबाजी, तुमचा बाप लाजे का?”

“तो?” गोविंदाजी पहिल्यांदा हसले. “तो नथ न काढता गावातून घरी ये.”

“मंग आता कोन लाजून राह्यलं?”

चहा आला. त्यांनी तो पूर्ण प्याला, बशी खाली ठेवली आणि हाक मारली, “मंदा! समदेच या इकडं.”

कसं सांगितलं ते मी लिहीत नाही; त्यांनी ज्या शब्दांत सांगितलं ते घरचे होते. पोरं आधी खिदळली, मग गोविंदाजींचं तोंड पाहून थांबली. वहिनी तशाच उभ्या. मग एकदम,

“अजी बाप्पा! म्हंजे लगन होऊन आली तवापासून मी आजेसासऱ्याले हळदकुंकू लावून राह्यली? आन् नवरा सुखी ठेव म्हणून त्याहीच्याच पाया पडली?”

“मंग?” गोविंदाजी म्हणाले. “नाई ठेवला का सुखी?”

दारात पान चघळत उभा असलेला नवरा गडबडला आणि सगळं अंगण हसत सुटलं. वहिनीही हसल्या, पण डोळे पुसत आत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. त्या फोटोपुढे उभ्या होत्या, पार नाक लावून. “कान पाहा, कान,” स्वतःशीच म्हणत होत्या. “आमच्या ह्याहीचाच कान होय. इतके वर्सं मले कसा नाई दिसला?” संध्याकाळी दिवा लावताना त्यांनी कुंकवाची डबी उघडली, थांबल्या, आणि नेहमीच्या जागी बोट टेकवलं. “आता हाताले सवय झाली,” मला म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं.

गोविंदाजींनी सही केली. पण अट घातली: नाव दोघांचं लिहायचं, एका ओळीत. तुळशीराम आणि सीताबाई. आणि गावाचं नाव नको. गावातली बाकीची घरं अजून नाच्याला पलीकडच्याच गावचा म्हणतात, त्यांना त्यांच्या वेळेने येऊ दे.

सरांना फोन लावला. ते म्हणाले, “पण मधला माणूस तर एकच आहे. दोन नावं कशी छापणार?”

“सर, तसं नाही छापलं तर ते परवानगी देणार नाहीत. आणि मीही...”

“तुम्हीही काय?”

“मी काही नाही, सर. पण तसंच छापा.”

मग सर म्हणाले, “नाव पुन्हा एकदा सांगा. दोन्ही. लिहून घेतो.”

परत साकोली

निघायच्या सकाळी ताईंनी डबा बांधून दिला. मी कसे आभार मानू म्हणून चाचरत होतो. त्या आत गेल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. आंबेडकर जयंतीची मिरवणूक, निळे झेंडे, पांढऱ्या लुगड्यातल्या बायकांची गर्दी. गर्दीत मागे, बोटाच्या नखाएवढा एक चेहरा, त्याचाही अर्धा भाग झेंड्याआड.

“हे माही माय. एवढीच आहे. काल त्या घरी बसल्यापासून हेच डोक्यात होतं. मोठी होते का जी?”

मी भिंग लावून पाहिलं. एक डोळा आहे, ओठ आहेत, अर्धं कपाळ आहे. बाकी नाही. मशीनवर दुसरी बाजू काढता येते, लोक काढून घेतातही, पण ती त्यांची आई नसेल, माझ्या हातची कुणीतरी असेल. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मंग नोको. मले माहीच माय पायजे.”

तो फोटो मी कुडाळला घेऊन आलोय. त्याच मिरवणुकीत दुसऱ्या कुणी दुसऱ्या बाजूने फोटो काढला असेल. साकोलीत, भंडाऱ्यात, कुणाच्या तरी ट्रंकेत तो असेल. पुढच्या मंडईला मी स्वतःच्या पैशाने येईन, घरोघर विचारीन, जितकं वाढतील तितकं जेवीन. पंचशीलाताई, तुमच्या आईचा झेंड्याआडचा अर्धा चेहरा जोवर सापडत नाही, तोवर मी तुमच्या ऋणात आहे. आणि तो मी शोधणार आहे.